इंटरनेटवरची आवराआवर: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

भाऊबीजेला बहिणीकडे जेवणं झाली, सगळे जागा मिळेल तिथे लवंडले आणि भाचीनं सहज विचारलं, "मामा, गूगलवर माझं माहेरचं नाव टाकलं तर काय येतं रे?" मी तिथल्या तिथे टाकून पाहिलं. पहिलं तिचं लिंक्डइन, दुसरा कॉलेजच्या कुठल्याशा स्पर्धेचा निकाल, आणि तिसरी एक पीडीएफ. उघडली तर एका वधूवर मेळाव्याची पुस्तिका. त्रेसष्टाव्या पानावर मोरपंखी साडीतली आमची भाची. जन्मतारीख, जन्मवेळ, रास-नक्षत्र, उंची, रक्तगट, कंपनीचं नाव, वार्षिक पगार, मामेकुळ, आई-वडिलांची नावं, वडिलांचा मोबाइल आणि विंग-फ्लॅट नंबरसकट पत्ता. तिचं लग्न होऊन सात महिने झाले होते. जावईबापूंनी पगाराचा आकडा वाचून "मला तर जास्त सांगितला होता" म्हणत हशा पिकवला, पण बहिणीचा चेहरा उतरलेलाच होता.

बँकेतून फोन आला की ओळख पटवायला काय विचारतात? जन्मतारीख आणि आईचं नाव. दोन्ही एकाच पानावर, शिवाय फोटो.

यात कुणी हॅकर आला नव्हता. फॉर्म भावोजींनी स्वतः भरला होता आणि मंडळातल्या सेवाभावी काकांनी पुस्तिका कौतुकानं वेबसाइटवर चढवली होती. आपली माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा अशीच, आपल्या माणसांच्या हातून आणि चांगल्या हेतूनं. म्हणून आवराआवरही घरापासूनच सुरू करायची. त्या दिवशी बहिणीच्या घरी आम्ही जी सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन रविवारी जे उरकलं, ते क्रमानं लिहितो. संगणकातलं फार कळायला हवं असं नाही. फोन, एक वही आणि थोडा चिवटपणा पुरतो.

पायरी १: आधी नुसतं बघा, काही पुसू नका

ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तुमच्या नेहमीच्या खात्यातून शोधलंत तर गूगल तुमच्या सवयींप्रमाणे निकाल दाखवू शकतं. आपल्याला हवं आहे ते अनोळखी माणसाला दिसणारं चित्र.

मग नाव दुहेरी अवतरण चिन्हांत टाकून शोधा, म्हणजे ते शब्द त्याच क्रमानं असलेली पानं येतील. मराठी नावांची इथे खरी गंमत असते. क्षीरसागर, वैद्य, ज्ञानेश्वर ही नावं इंग्रजी अक्षरांत लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात, त्या सगळ्या तऱ्हा टाकून बघायच्या. एकदा देवनागरीत, एकदा आडनाव आधी ठेवून (सरकारी याद्यांत असंच असतं), एकदा वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्ही नावं. नुसत्या नावानं गर्दी आली तर सोबत गाव, कॉलेज किंवा कंपनी जोडा. त्यानंतर मोबाइल नंबर शोधा, एकदा सलग दहा आकडे आणि एकदा पाच-पाच करून मध्ये जागा सोडून. शेवटी ईमेल. फोटोंचा टॅब विसरू नका, निम्मा माल तिथेच सापडतो.

जे सापडेल ते वहीत तीन रकान्यांत लिहा: माझ्या हातातलं, दुसऱ्याच्या हातातलं, कुणाच्याच हातात नसलेलं. तिसऱ्या रकान्यात काय येतं हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्यावर शक्ती वाया जाणार नाही. मतदार यादी, जमिनीचा सातबारा, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, न्यायालयातल्या खटल्याची स्थिती ही सार्वजनिक दप्तरं आहेत. तुमच्या गावच्या शेताचा विनास्वाक्षरीत सातबारा कुणीही महाभूमीच्या संकेतस्थळावर पाहू शकतो, बोजा कुठल्या बँकेचा आहे तेही त्यावर असतं. आवडो न आवडो, ते तसंच राहणार.

जाता जाता गूगल अलर्ट्समध्ये आपलं नाव टाकून ठेवा. पुढे कुठे नवं काही आलं तर बऱ्याचदा ईमेल येते. अगदी भरवशाचं नाही, पण फुकट आहे.

पायरी २: झाडू मारण्याआधी कुलूप

खातंच दुसऱ्याच्या हातात गेलं तर बाकी आवरण्याला काही अर्थ उरत नाही. सगळ्यात आधी ईमेल, कारण इतर प्रत्येक खात्याचा "पासवर्ड विसरलो" तिथेच येऊन पोचतो. ईमेलचा पासवर्ड लांब आणि इतर कुठेही न वापरलेला हवा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा मागणारी सोय, सुरू. रिकव्हरीला दिलेला नंबर आजही तुमच्याकडे आहे ना, ते बघा. भावोजींचा नव्हता. त्यांनी ते सिम कधीच बंद केलं होतं आणि बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्याला देतात.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे. सहा आकडी पिन ठेवा, घरच्या कुणाचं जन्मवर्ष त्यात नको. मग "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघा. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर कधीकाळी उघडलेलं व्हॉट्सॲप अजून तिथे जोडलेलं सापडलं तर आश्चर्य मानू नका, लगेच लॉग आउट करा.

हॅव आय बीन पोन्ड या संकेतस्थळावर ईमेल टाकली की ती कुठल्या जुन्या डेटा गळतीत सापडली होती ते कळतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं २०१३ मध्ये ते सुरू केलं. तिथे नाव निघालं म्हणून घाबरायचं नाही, त्या त्या ठिकाणचा पासवर्ड बदलायचा आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला होता ते आठवायचं.

दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नाही" असं कळवता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा.

पायरी ३: मोबाइल नंबर

पत्त्यापेक्षा, नावापेक्षा, आधारपेक्षाही जास्त ठिकाणी आपण आपला नंबर देतो. मॉलच्या बिलावर, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर. आणि त्याच नंबरला बँक, व्हॉट्सॲप, यूपीआय सगळं बांधलेलं असतं. एक धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवतो.

ज्याला जमेल त्यानं दुसरा, स्वस्त प्लॅनचा नंबर घ्यावा. बँक, आधार आणि घरची माणसं पहिल्यावर. जुनी गाडी विकायची जाहिरात, स्थळं, दुकानांची बिलं दुसऱ्यावर. तुमचा यूपीआय आयडी मोबाइल नंबरावरूनच बनलेला असेल तर ॲपमध्ये दुसरा बनवून घेता येतो. फेसबुकच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये "फोन नंबरावरून मला कोण शोधू शकतं" असा प्रश्न आहे, तिथे सगळ्यात आतला पर्याय निवडा. ट्रूकॉलरच्या यादीतून नंबर काढून घेण्याची सोय त्यांच्याच संकेतस्थळावर आहे. तुम्ही स्वतः ते ॲप वापरत असाल तर आधी खातं बंद करावं लागतं. काहींना हा सौदा परवडत नाही, माझ्या बहिणीला नाही परवडला. "कुणाचा फोन आहे ते कळायला नको का?" हे तिचं म्हणणंही बरोबरच.

पायरी ४: व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम

यावर फार लिहीत नाही, सेटिंग्ज उघडलीत की कळेल. व्हॉट्सॲपवर प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि स्टेटस "माय कॉन्टॅक्ट्स"वर आणा. "ग्रुप्स"मध्ये तुम्हाला ग्रुपात कोण ओढू शकतं तेही तसंच करा. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय तिथेच आहे. फेसबुकवर जुन्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात मित्रांपुरत्या करणारं बटण आहे, "लिमिट पास्ट पोस्ट्स" नावाचं. प्रोफाइल लॉक करण्याची सोय भारतात २०२० पासून आहे. टॅग केलेला फोटो आधी तुम्हाला विचारून मगच भिंतीवर यावा, हीही सेटिंग आहे, फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवरही.

पण सेटिंग्जपेक्षा सवय वाईट. "कोकणात चार दिवस!" हे स्टेटस म्हणजे घराला कुलूप असल्याची दवंडी. फोटो टाका की, पण परत आल्यावर. नातवाचा शाळेच्या गेटवर, गणवेशात, छातीवरच्या बिल्ल्यासह "आज पहिला दिवस" हा फोटो मला सगळ्यात खटकतो. शाळा कळली, वर्ग कळला, चेहरा कळला, वेळही कळली.

आणि "मित्रांपुरतं" लिहिलेलं मित्रांपुरतं राहत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला तर अटक झालीच, त्या ओळींना लाइक करणाऱ्या मैत्रिणीलाही झाली. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मुलींचं चुकलं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. गावातल्या एका भिंतीवरची पोस्ट देशाच्या वर्तमानपत्रांत पोचायला किती कमी वेळ लागतो, ते बघा.

पायरी ५: आधार आणि झेरॉक्सचं दुकान

दुकानदार म्हणतो, "काका, व्हॉट्सॲप करा ना, प्रिंट काढून देतो." आपण आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान पाठवतो, वीस रुपये देतो आणि निघतो. आपली सगळी ओळख त्याच्या फोनमध्ये मुक्कामाला राहते, ते लक्षातच येत नाही. यापुढे प्रिंट हातात आली की "आता डिलीट करा बघू, माझ्यासमोर" म्हणायला लाजू नका. तुमच्या बाजूनं "डिलीट फॉर एव्हरीवन" करा. फाइल त्याच्या संगणकावर डाउनलोड झाली असेल तर तिथूनही काढायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. आमचा दुकानदार आधी वैतागला, आता मी आत शिरलो की स्वतःच डिलीट करून दाखवतो.

आधारची पूर्ण प्रत दर ठिकाणी लागत नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून "मास्क्ड आधार" उतरवून घेता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. हॉटेलात, कुरिअरवाल्याकडे ते द्यावं. आधार क्रमांकाऐवजी सोळा आकडी व्हर्च्युअल आयडीही मिळतो. बोटांचे ठसे वापरून कुणी पैसे काढू नयेत म्हणून बायोमेट्रिक लॉक करता येतं. लागेल तेव्हा उघडा, पुन्हा लावा. कागदी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. अक्षर आकड्यांवर थोडं चढलं पाहिजे, नाहीतर कडेचं लिखाण कापून उरलेली प्रत वापरता येते.

पायरी ६: स्थळाचा बायोडेटा

मराठी घरातून बाहेर जाणारा सगळ्यात गच्च भरलेला कागद हाच, म्हणून त्याची वेगळी पायरी. दोन प्रती करा. पहिली फिरायला. तिच्यात नाव, वय (पूर्ण जन्मतारीख नाही), शिक्षण, कामाचं क्षेत्र, शहर, एक फोटो, दुसरा मोबाइल नंबर आणि वेगळी ईमेल. "पुण्यात आयटी कंपनीत" एवढं पुरतं, कंपनीचं नाव कशाला? पगाराचा आकडा नको. आईचं नाव, मामेकुळ, फ्लॅट नंबर नको. दुसरी प्रत पत्रिकेसह, जन्मवेळेसह, पण ती फोनवर एकदा बोलणं झाल्यावर, ज्यांच्याशी बोललो त्यांनाच.

एक युक्ती सांगतो. पहिल्या प्रतीच्या तळाशी बारीक अक्षरात खूण घाला, प्रत्येक मंडळाला वेगळी: क१, क२, क३. कोणती खूण कुणाला दिली ते वहीत लिहा. उद्या कागद भलतीकडे सापडला तर कुठून गळला ते कळेल. आणि लग्न ठरलं की ज्या ज्या मंडळात नाव नोंदवलं तिथे फोन करून काढायला सांगायचं. पेढ्यांच्या गडबडीत हे कुणालाच आठवत नाही.

उलट बाजूही बघा. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट "एपीके" असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. उघडू नका, मग ती अगदी मावसभावाच्या नंबरावरून आलेली असो.

पायरी ७: दुसऱ्याच्या हातातलं कसं काढायचं

आधी माणसाला विचारा. कायदा, नोटीस हे शब्द पहिल्याच निरोपात नकोत. मी मंडळाच्या कार्यवाहांना फोन केला आणि नंतर लेखी पाठवलं: "सप्रेम नमस्कार. आपल्या संकेतस्थळावरील मेळावा पुस्तिकेत पान ६३ वर माझ्या भाचीची माहिती आहे. तिचा विवाह झाला असून ती माहिती आता जाहीर राहू नये अशी तिची इच्छा आहे. सोबत लिंक व पानाचा फोटो जोडला आहे. कृपया पुस्तिका संकेतस्थळावरून काढावी अथवा लॉगिनमागे ठेवावी आणि तसं कळवावं." काका बिचारे ओशाळले. चौथ्या दिवशी पुस्तिका गेली, त्यामुळे बाकीच्या शंभरेक मुला-मुलींचंही काम झालं.

तरी गूगलवर नाव दिसतच होतं, कारण पान गेलं तरी गूगलच्या शोधयादीतली नोंद लगेच जात नाही. त्यासाठी "रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट" नावाचं गूगलचंच साधन आहे. पान उघडत नसतानाही निकालात दिसत असेल तर तिथे लिंक टाकायची. मूळ साइटवाला ऐकतच नसेल तर दुसरा फॉर्म आहे. त्यातून फोन नंबर, घरचा पत्ता, बँक खातं, ओळखपत्राचा फोटो अशी माहिती असलेली पानं शोधातून काढण्याची विनंती करता येते. मान्य झाली तरी पान मूळ जागी असतंच, फक्त गूगलच्या वाटेनं कुणी तिथे पोचत नाही. व्यवहारात तेवढ्यानं बरंच भागतं.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबसारख्या कंपन्यांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो आणि त्यानं तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, वकील लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखानं सांगितलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कंपनीकडे असलेला आपला डेटा दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. मात्र तुम्ही स्वतःहून जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. जन्मतारीख सार्वजनिक भिंतीवर तुम्हीच लिहिली असेल तर या कायद्याकडे बोट दाखवता येणार नाही.

पायरी ८: धमकी, बदनामी, खासगी फोटो

इथे क्रम उलटा: आधी पुरावा, मग बाकी सगळं. रागानं किंवा लाजेनं चॅट पुसून टाकू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, समोरच्याचं खातं आणि पूर्ण लिंक यायला हवी. पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की दर वाढतो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बाकी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय हे संकेतस्थळ अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. तुमचा फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक आकडेरूपी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारे फोटो अडवतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी तसंच टेक इट डाउन आहे. असे फोटो चढलेच, तर तक्रार मिळाल्यापासून २४ तासांच्या आत काढणं २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केलं होतं, फेब्रुवारी २०२६ पासून ती मुदत दोन तासांवर आली आहे. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं किंवा ते पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि घरातल्या मुलीनं येऊन सांगितलं तर पहिलं वाक्य "तू फोटो काढूच कसे दिलेस?" हे नको. पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

पायरी ९: चांगलं दिसायचं असेल तर

सगळं पुसून कोरं होणं हेही बरं नाही. नोकरी देणारा नाव शोधतोच, काहीच सापडलं नाही तर पहिलं मिळेल ते खरं धरतो. लिंक्डइनचं पान नीट भरा, एखादा छोटा ब्लॉग, कामाचे चार नमुने. आपण स्वतः ठेवलेली पानं वर आली की जुनी अडगळ खाली सरकते. महिने लागतात. "आठवड्यात नाव साफ करून देतो" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

क्लास, खानावळ, दवाखाना चालवत असाल तर वाईट शेऱ्याला एकदाच, शांतपणे, चार ओळींत उत्तर द्या आणि थांबा. ते उत्तर त्या गिऱ्हाइकासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्यांसाठी असतं. मावशीला, भाच्यांना पाच-पाच तारे द्यायला लावू नका, ते ओळखू येतं.

आमच्या वहीचा पहिला रकाना दोन रविवारांत संपला, दुसरा अजून चालू आहे. पुस्तिका गेली, पण ती कुणीकुणी उतरवून घेतली होती ते कोण सांगणार? मागच्याच आठवड्यात भावोजींना एका गृहस्थांचा फोन आला, मुलगा बंगळुरूला असतो, पत्रिका जुळते आहे. भावोजींनी अभिनंदनाच्या सुरात सांगितलं की मुलीचं लग्न झालं, मग विचारलं, "पण नंबर कुठून मिळाला आपल्याला?" "आमच्या ग्रुपवर आला होता हो." "कोणता ग्रुप?" त्यांनी नाव सांगितलं, आणि भावोजींनी हाक मारली, "अगं, ती वही आण."